बर्ड फ्लू माणसाला सहसा का होत नाही? सायलिक अ‍ॅसिड आणि ग्लायकन मायक्रोअ‍ॅरे

थोडक्यात

• आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या साखळ्या असतात. त्यांच्या टोकाला सायलिक अ‍ॅसिड नावाची साखर असते. फ्लूचा विषाणू पेशीत शिरताना आधी हीच साखर पकडतो.
• पक्ष्यांचा फ्लू आणि माणसांचा फ्लू या साखरेच्या वेगवेगळ्या जोडण्या पकडतात. बर्ड फ्लू माणसाला सहज होत नाही, याचे हे एक मोठे कारण आहे.
• विषाणू कोणती जोडणी पकडतो हे ग्लायकन मायक्रोअ‍ॅरे या काचपट्टीवर पाहतात. ही संशोधनाची तपासणी आहे, रुग्णाची नाही.
• आजारी किंवा मेलेल्या कोंबड्यांशी संपर्क आल्यानंतर १० दिवसांच्या आत ताप, खोकला, धाप किंवा डोळे लाल होणे असे काही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि संपर्काची माहिती आपणहून द्या.

हा विषय आपल्या भागाचा का आहे?

जानेवारी २०२५ मध्ये लोहा तालुक्यातील किवळा गावात कोंबडीची पिल्ले दगावली. नमुने तपासल्यावर बर्ड फ्लूचे निदान झाले आणि आजूबाजूचा १० किलोमीटरचा परिसर सतर्कता क्षेत्र म्हणून जाहीर झाला. त्याच महिन्यात लातूर जिल्ह्यात उदगीरला कावळे मरून पडले, तेही याच आजाराने. त्याआधी जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा आणि अहमदपूर तालुक्यातील केंद्रेवाडी येथे असेच घडले होते. भारतात कोंबड्यांमधील एच५एन१ सर्वप्रथम सापडला तोही महाराष्ट्रातच, फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला.

अशा बातम्यांनंतर दवाखान्यात येणारे प्रश्न ठरलेले असतात. "डॉक्टर, परवा चिकन खाल्लं होतं, काही होईल का?" "नातू खुराड्यात खेळतो, त्याला इंजेक्शन द्यावं लागेल का?" "इतक्या कोंबड्या मेल्या, मग गावात माणसं कशी आजारी पडली नाहीत?"

यातला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. त्याचे उत्तर समजले की पहिल्या दोन प्रश्नांची भीती बरीच कमी होते, आणि काळजी नेमकी कशाची घ्यायची हेही कळते.

सायलिक अ‍ॅसिड म्हणजे काय?

शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीवर साखरेच्या छोट्या साखळ्यांचे आवरण असते. ज्वारीच्या कणसाला बाहेरून कुसळे असावीत तसे ते समजा. या साखळ्यांना ग्लायकन म्हणतात. ही साखर चहातली नव्हे आणि तिचा मधुमेहाशी संबंध नाही. शुगर वाढली म्हणून ग्लायकन वाढतात, असे समजू नका.

बऱ्याच साखळ्यांच्या अगदी टोकाला जी साखर असते ती सायलिक अ‍ॅसिड. स्वीडनचे शास्त्रज्ञ गुन्नार ब्लिक्स यांनी १९३६ मध्ये गाईच्या लाळग्रंथीतील चिकट पदार्थातून ती वेगळी केली. लाळेसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून तिला हे नाव मिळाले. लाळ, शेंबूड आणि घशातला कफ बुळबुळीत असतो त्यात या साखरेचा वाटा आहे.

सायलिक अ‍ॅसिड हा एकच पदार्थ नाही, ते एक मोठे कुटुंब आहे. त्यात फरक दोन प्रकारे पडतो.

१. रेणूचा प्रकार. निसर्गात याचे पन्नासच्या आसपास प्रकार आढळतात. माणसात मुख्यतः एन-अ‍ॅसिटिल न्यूरामिनिक अ‍ॅसिड असते. गाय, शेळी, डुक्कर, चिंपांझी यांच्यात त्यासोबत एन-ग्लायकोलिल न्यूरामिनिक अ‍ॅसिडही असते. दोघांत फरक फक्त एका ऑक्सिजन अणूचा. हा अणू जोडणारे जनुक माणसाच्या पूर्वजांमध्ये वीस ते तीस लाख वर्षांपूर्वी बंद पडले असावे, असा अंदाज आहे. बंगळूरूत वाढलेले आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेले डॉ. अजित वर्की यांच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेने या फरकावर मोठे काम केले आहे.

२. जोडणीचा प्रकार. तोच रेणू साखळीतील पुढच्या साखरेला वेगवेगळ्या बाजूने जोडला जाऊ शकतो. फ्लूच्या बाबतीत दोन जोडण्या महत्त्वाच्या आहेत: अल्फा २-३ आणि अल्फा २-६. विळ्याचे पाते तेच, पण मूठ सरळ बसवली की वाकडी, यावर हातात धरण्याची पद्धत बदलते. इथेही तसेच आहे.

फ्लूचा विषाणू आणि ही साखर

फ्लूच्या विषाणूवर दोन महत्त्वाची प्रथिने असतात. एचएन नावातली अक्षरे त्यांचीच आहेत.

• एच म्हणजे हिमॅग्लुटिनिन. हा विषाणूचा हात. तो पेशीवरचे सायलिक अ‍ॅसिड पकडतो.
• एन म्हणजे न्यूरामिनिडेज. ही विषाणूची कात्री. नवे विषाणू पेशीतून बाहेर पडताना त्याच साखरेला चिकटून बसतात. ही कात्री साखर कापून त्यांना मोकळे करते.

पक्ष्यांच्या फ्लूचा हात अल्फा २-३ जोडणी घट्ट पकडतो. कोंबडी आणि बदकाच्या श्वासमार्गात व आतड्यात ती भरपूर असते. माणसांच्या नेहमीच्या फ्लूचा हात अल्फा २-६ जोडणी पकडतो, आणि आपल्या नाकात, घशात, श्वासनलिकेत मुख्यतः हीच असते.

म्हणून माळेगावच्या यात्रेतून परतल्यावर घरातल्या चार जणांना एकापाठोपाठ सर्दी-ताप येतो तो बहुधा माणसांच्या श्वसनविषाणूंचा असतो. त्यात फ्लू असेल तर त्याला आपल्या नाका-घशातच पकडायला जागा मिळते. तिथे वाढलेला विषाणू शिंकेतून आणि खोकल्यातून सहज दुसऱ्याकडे जातो. कोंबडीच्या विषाणूला मात्र आपल्या नाका-घशात पाय रोवायला फारशी जागा मिळत नाही.

मग माणसाला बर्ड फ्लू होतो तो कसा?

फारशी जागा नाही, याचा अर्थ अजिबात जागा नाही असा नव्हे. आपल्या फुप्फुसांच्या अगदी खोल भागात, हवेच्या पिशव्यांमध्ये, अल्फा २-३ जोडणी असते. डोळ्यांच्या बुबुळाभोवतीच्या पातळ पडद्यावरही ती असते.

खूप मोठ्या प्रमाणात विषाणू थेट आत गेला तर तो तिथपर्यंत पोहोचू शकतो. मेलेली कोंबडी उघड्या हाताने सोलणे, पिसे काढणे, खुराड्यातील सुकलेली विष्ठा झाडताना उडालेली धूळ श्वासात जाणे, तेच हात डोळ्यांना लावणे, ही याची नेहमीची कारणे आहेत. आजार फुप्फुसाच्या खोल भागात सुरू झाला तर न्यूमोनिया गंभीर होतो. आणि विषाणू घशात कमी, खोलवर जास्त असल्याने तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे सहज जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीनुसार २००३ पासून जगभरात एच५एन१ चे नऊशेहून अधिक रुग्ण आढळले आणि त्यातले जवळपास निम्मे दगावले. कोट्यवधी कोंबड्यांच्या तुलनेत रुग्णांची संख्या लहान आहे, पण ज्याला होतो त्याच्यासाठी आजार जड आहे. भारतातही असे मृत्यू झाले आहेत. २०२५ मध्ये आंध्र प्रदेशात एका लहान मुलीचा एच५एन१ ने मृत्यू झाला. तिने कच्चे चिकन तोंडात घातल्याचे तपासात पुढे आले होते. घाबरू नका म्हणताना सावध राहा, असेही आम्ही सांगतो ते यामुळेच.

ग्लायकन मायक्रोअ‍ॅरे: काचेवर मांडलेल्या साखरा

समजा, किवळ्यासारख्या एखाद्या गावातून नवा विषाणू सापडला. त्याचा हात अजून पक्ष्यांचाच आहे की माणसांच्या जोडणीकडे वळू लागला आहे, हे कसे ओळखायचे? माणसांवर प्रयोग करता येत नाही. यासाठी ग्लायकन मायक्रोअ‍ॅरे वापरतात.

कृती अशी असते:

१. प्रयोगशाळेत शेकडो प्रकारच्या साखर-साखळ्या शुद्ध स्वरूपात तयार करतात. काहींच्या टोकाला अल्फा २-३ जोडणी, काहींच्या टोकाला अल्फा २-६. काही आखूड, काही लांब, काही फांद्या फुटलेल्या.
२. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो तेवढ्याच आकाराच्या काचपट्टीवर एक यंत्र त्यांचे अतिशय बारीक ठिपके उमटवते. कोणत्या ठिपक्यात कोणती साखर आहे याची नोंद संगणकात असते. आठवडी बाजारात प्रत्येकाची बसायची जागा ठरलेली असते, तसेच.
३. या काचेवर निष्क्रिय केलेला विषाणू किंवा त्याचे फक्त हिमॅग्लुटिनिन सोडतात.
४. थोड्या वेळाने काच धुतात. जे पकडले गेले नाही ते वाहून जाते.
५. चिकटलेल्या प्रथिनाला चमकणारा रंग जोडलेला असतो. लेझर स्कॅनरखाली काच धरली की ते ठिपके उजळतात.

उजळलेले ठिपके अल्फा २-३ गटातले असतील तर हात पक्ष्यांचा. अल्फा २-६ गटातले ठिपके उजळू लागले तर ती धोक्याची घंटा. एकाच काचेवर, अगदी थोड्या नमुन्यात, शेकडो साखरांची परीक्षा एका वेळी होते, हा या पद्धतीचा मोठा फायदा.

अमेरिकेतील एका संशोधक गटाने २००४ मध्ये सुमारे २०० साखरांची अशी पट्टी प्रसिद्ध केली. पुढे ही संख्या सहाशेच्या वर गेली. सायलिक अ‍ॅसिडच्या प्रकारांसाठी खास पट्ट्याही तयार झाल्या. त्यांवर माणसाचा प्रकार आणि प्राण्यांचा प्रकार जोडीने मांडलेले असतात.

या पट्ट्यांनी काय शिकवले?

२००९ चा स्वाइन फ्लू. भारतातला त्याचा पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात झाला आणि महाराष्ट्राने ती धास्ती अनुभवली. त्या विषाणूचा हात अल्फा २-६ जोडणी पकडणारा होता, म्हणूनच तो माणसामाणसांत झपाट्याने पसरला. नाव डुकराचे असले तरी तो माणसांच्या साखरेला सरावलेला होता.

गाईंमधला बर्ड फ्लू. २०२४ मध्ये अमेरिकेत दुभत्या गाईंना एच५एन१ झाला. गाईच्या कासेत अल्फा २-३ जोडणी भरपूर असते, त्यामुळे दुधात विषाणू मोठ्या प्रमाणात आढळला. गोठ्यात काम करणाऱ्या बऱ्याच जणांना मुख्य त्रास झाला तो डोळे लाल होण्याचा. डोळ्यातील जोडणी लक्षात घेतली तर याचे आश्चर्य वाटत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी दाखवले की या विषाणूच्या हातात एकाच जागी बदल झाला, म्हणजे २२६ व्या जागेवर ग्लुटामाइनऐवजी ल्युसीन आले, तर तो माणसांची जोडणी पकडू लागतो. हा प्रयोगशाळेत केवळ प्रथिनावर केलेला प्रयोग होता. पण बर्ड फ्लूच्या प्रत्येक नमुन्याकडे एवढे बारीक लक्ष का ठेवतात, हे त्यावरून समजते.

टायफॉइड. हा आजार फक्त माणसालाच होतो. साल्मोनेला टायफीचे विष माणसाच्या प्रकारचे सायलिक अ‍ॅसिड पकडते, एका ऑक्सिजन अणूने वेगळा असलेला प्राण्यांचा प्रकार पकडत नाही. हे २०१४ मध्ये अशाच पट्टीवर दिसून आले. टायफॉइड माणसापुरता का राहतो, याच्या उत्तराचा एक भाग त्यातून मिळाला.

या तपासणीच्या मर्यादा

पट्टीवर ठिपका उजळला म्हणजे माणूस आजारी पडेलच असे नाही. पकडणे ही पहिली पायरी आहे. त्यानंतर विषाणूने पेशीत शिरले पाहिजे, तिथे वाढले पाहिजे, शरीराच्या प्रतिकारशक्तीला चुकवले पाहिजे आणि हवेतून टिकून दुसऱ्यापर्यंत पोहोचले पाहिजे. शिवाय काचेवरच्या साखरा प्रयोगशाळेत निवडलेल्या असतात. आपल्या नाकातल्या सगळ्याच साखरा तिथे असतात असे नाही, आणि काचेवर त्या किती दाट बसवल्या यावरही निकाल बदलतो. म्हणून शास्त्रज्ञ एका पट्टीवरून निर्णय घेत नाहीत. विषाणूची जनुकीय रचना, पेशींवरचे प्रयोग आणि गावातील प्रत्यक्ष रुग्ण, हे सगळे एकत्र पाहतात.

मला किंवा माझ्या मुलाला ही तपासणी करता येईल का?

नाही, आणि गरजही नाही. "तुमचे सायलिक अ‍ॅसिड तपासून फ्लूचा धोका सांगतो" असे कोणी म्हणाले तर पैसे खर्च करू नका. माणसामाणसांत ही जोडणी बहुतांशी सारखीच असते.

बर्ड फ्लूची शंका असेल तर नाक व घशातील स्वॅब घेऊन आरटी-पीसीआर तपासणी करतात. नमुना कुठे पाठवायचा हे आरोग्य विभाग ठरवतो. माणसांच्या नमुन्यांसाठी पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था आणि पक्ष्यांच्या नमुन्यांसाठी भोपाळची उच्च सुरक्षा पशुरोग संस्था ही देशातील प्रमुख केंद्रे आहेत.

औषध कसे काम करते?

ओसेल्टामिव्हिर हे फ्लूचे औषध सायलिक अ‍ॅसिडच्या रचनेवरूनच घडवले आहे. विषाणूची कात्री त्याला साखर समजून पकडते आणि तिथेच अडकते. नवे विषाणू पेशीला चिकटून राहतात, पुढे पसरत नाहीत. पसरण्याआधीच अडवले तर फायदा जास्त, म्हणून लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत औषध सुरू झालेले चांगले. गंभीर आजारात मात्र उशीर झाला तरी डॉक्टर ते देतात. हे औषध स्वतःच्या मनाने घेऊ नका आणि दुसऱ्याच्या उरलेल्या गोळ्या वापरू नका.

घरी आणि खुराड्यात काय करावे?

• कोंबड्या, कावळे किंवा इतर पक्षी अचानक मोठ्या संख्येने मेले तर हात लावू नका. ग्रामपंचायत, जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या क्रमांकावर कळवा.
• मेलेली किंवा आजारी कोंबडी कापून खाऊ नका, विकू नका, शेजाऱ्याला देऊ नका. ती नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. कुत्र्या-मांजरांनाही घालू नका. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. मांजराच्या कुळातील प्राण्यांना हा विषाणू होतो.
• खुराडे कोरडे झाडू नका. आधी पाणी शिंपडा, तोंडाला मास्क किंवा दुहेरी रुमाल बांधा, हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा.
• लहान मुलांना खुराड्यापासून आणि पिलांपासून दूर ठेवा, विशेषतः परिसरात साथ असेल तेव्हा.
• चिकन पूर्ण शिजवा. आतपर्यंत ७० अंश सेल्सिअस तापमान पोहोचले की विषाणू मरतो. आपल्याकडे रस्सा उकळतो, हाडाजवळचे मांस गुलाबी राहत नाही, तेव्हा हे तापमान ओलांडलेले असते. अंडी पूर्ण उकडा. अर्धकच्चे अंडे किंवा दुधात फेटलेले कच्चे अंडे टाळा.
• कच्चे चिकन कापलेली विळी, सुरी आणि पाट साबणाने धुतल्याशिवाय त्यावर कांदा-कोथिंबीर चिरू नका.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

आजारी किंवा मृत पक्ष्यांशी संपर्क आला असेल तर १० दिवस रोज ताप मोजा. या काळात ताप, खोकला, घसा दुखणे, अंगदुखी, जुलाब किंवा डोळे लाल होऊन पाणी येणे यांपैकी काहीही झाले तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शासकीय रुग्णालयात जा. जाताना मास्क लावा. "आमच्याकडे कोंबड्या मेल्या होत्या" हे वाक्य सर्वांत आधी सांगा. साधा ताप समजून दोन-तीन दिवस गोळ्या खात बसण्यात महत्त्वाचा वेळ जातो.

धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळे पडणे, थुंकीतून रक्त येणे, गुंगी येणे किंवा लहान मुलाने दूध-पाणी सोडणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. नुसता सल्ला हवा असेल तर १०४ वर फोन करा.

बरेच जण कोंबड्या मेल्याचे लपवतात, कारण आरोग्य विभाग आणि पशुसंवर्धन विभाग आले की उरलेल्या कोंबड्याही नष्ट करतील ही भीती असते. घरखर्चाला हातभार लावणाऱ्या कोंबड्या जाणे हे नुकसान खरेच आहे. नष्ट केलेल्या पक्ष्यांसाठी सरकारी भरपाईची तरतूद आहे, पण आधीच मेलेल्या पक्ष्यांना ती सहसा लागू होत नाही. त्यामुळे लवकर कळवण्यात मालकाचाच फायदा आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी दरवर्षी फ्लूची लस घेतो. बर्ड फ्लूपासून संरक्षण मिळेल का?
नाही. ती माणसांच्या फ्लूसाठी आहे. तरी कुक्कुटपालन करणाऱ्यांनी ती घ्यावी. एकाच माणसाच्या शरीरात माणसांचा आणि पक्ष्यांचा फ्लू एकत्र आला तर दोघांची सरमिसळ होऊन नवा विषाणू तयार होऊ शकतो. लसीमुळे ही शक्यता कमी होते.

मटणात प्राण्यांचे सायलिक अ‍ॅसिड असते, मग ते खावे का?
मटणासारख्या लाल मांसात ते असते, चिकन आणि मासळीत जवळजवळ नसते. त्याच्या दीर्घ परिणामांवर संशोधन सुरू आहे, पण माणसात ठोस काही सिद्ध झालेले नाही. लाल मांस बेताने खावे हा नेहमीचा सल्ला पुरेसा आहे. बर्ड फ्लूशी याचा संबंध नाही.

घरात एकाला बर्ड फ्लू झाला तर सगळ्यांना होईल का?
आजवर माणसामाणसांत त्याचा सलग प्रसार दिसलेला नाही. तरी रुग्णाची देखभाल करणाऱ्याने मास्क वापरावा, हात धुवावेत आणि १० दिवस स्वतःवर लक्ष ठेवावे.

किवळ्यासारख्या गावातून गेलेला एक नमुना, त्याची दूरच्या प्रयोगशाळेत होणारी तपासणी आणि काचेवर उजळणारे ठिपके हे सगळे आपल्याला आगाऊ सूचना मिळावी म्हणून असते. त्या साखळीची पहिली कडी तुमच्या अंगणात आहे. मेलेल्या कोंबडीची खबर तुम्ही दिली, तरच पुढची तपासणी होऊ शकते.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या तब्येतीबाबतचा निर्णय तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.